नागुमोसानांची निरगाठ

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली आणि नागुमोसानांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला. घंटा वाजली की घरात कुणी नसल्यासारखं करायचं, मग चवड्यांवर चालत जाऊन दाराच्या भिंगातून बघायचं, आणि ओळखीचा चेहरा असेल तरच 'कोण आहे?' असं विचारायचं, ही त्यांची पद्धत होती. तोशिमा वॉर्डात बहुतेकांची हीच असते. अख्ख्या जपानात सगळ्यात दाटीचा हा वॉर्ड. शेजाऱ्याने कूस बदलली की इथे आपली झोप मोडते, खालच्या घरात कुठला मासा भाजताहेत ते वासावरून सांगता येतं, पण त्याच शेजाऱ्याचं नाव विचारा, माणूस टपालपेटीवरची पाटी वाचायला खाली जाईल. माणसं इतकी चिकटून राहिली की मधलं अंतर त्यांना मनातल्या मनात ठेवावं लागतं. नागुमोसानांना तर हे कुणी शिकवायलाच नको होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लिफ्टची तपासणी केली होती. लिफ्टमध्ये माणूस म्हणजे भार, आणि एका भाराने दुसऱ्या भाराकडे बघायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

भिंगातून दिसली एक तिशीतली बाई. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि दोन्ही हातांत झाकण घातलेलं भलंमोठं निळं भांडं.

"आठशे तीनमधली आहे," त्यांच्या पत्नी फुसाएबाई मागून कुजबुजल्या. "गेल्या आठवड्यात राहायला आलेत. उझबेकिस्तानची माणसं. ती, नवरा आणि दीर. उघडा ना दार, अहो."

"तिला काय हवंय?"

"हवं असतं तर रिकामं भांडं आणलं असतं."

या युक्तिवादापुढे इलाज नव्हता. दार उघडताच ती बाई भांड्यासकट कमरेत वाकली आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून मोकळी झाली, "मी शेजारी राहायला आलेली झुल्फिया. आमचा त्रास होईल. कृपा करून सांभाळून घ्या."

आता खरं म्हणजे नव्या भाडेकरूने शेजाऱ्यांना भेटवस्तू देत फिरायची चाल या इमारतीतून कधीच उठली होती. पण वॉर्ड ऑफिस परदेशी रहिवाशांना जी पुस्तिका देतं तिच्यात ती अजून जिवंत होती. टॉवेल किंवा साबण द्यावा, असं तिच्यात लिहिलं होतं. झुल्फियाला ते पटलं नव्हतं. शेजाऱ्याच्या दारात साबण घेऊन जायचं, म्हणजे त्याला काय म्हणायचं? म्हणून तिने मटणाचा पुलाव केला होता. गाजराचे लांब लांब तुकडे, छोले, वर अख्खा लसणाचा गड्डा. नागुमोसानांनी एक घास 'चव बघण्यापुरता' घेतला, आणि रात्री भांड्याचा तळ पुसून काढताना फुसाएबाईंनी त्यांना रंगेहाथ पकडलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण भांडं धुऊन ओट्यावर उपडं घातलं आणि नागुमोसानांच्या मनाला टोचणी लागली. कुणाचं काही देणं ठेवायचं नाही, हे त्यांचं जन्माचं व्रत. कुणी काही दिलं की त्याच्या निम्म्या किमतीचं परत करायचं, हा रीतीचा हिशेब त्यांनी कधी चुकवला नव्हता. पण घरी शिजवलेल्या पुलावाची किंमत काढायची कशी? ते खाटकाकडे जाऊन मटणाचा भाव विचारून आले. काही न घेता भाव विचारून गेल्याबद्दल खाटकाने त्यांच्या पाठीमागे जे म्हटलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी बिस्किटांचा एक नेटका डबा आणून निळ्या भांड्यासोबत त्यांनी शेजारी पोचवला आणि त्या रात्री गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी भांडं परत आलं. आत मटणाचे गरमागरम सामसे, आपल्या सामोशाचे थोरले भाऊ शोभतील असे.

नागुमोसानांनी चहापत्तीचा डबा दिला. भांडं परत आलं, आत भोपळ्याचे मांडे. त्यांनी समुद्री शेवाळाच्या कुरकुरीत पापड्या दिल्या. भांडं परत आलं, आत नूडल्सचा रस्सा, तोही काठोकाठ. आमच्याकडे म्हणतात ना, शेजीबाईची कढी, धावून धावून वाढी, तसलाच प्रकार. फक्त इथे धावणारे दोघं होते आणि दोघांपैकी एकालाही थांबायचं कसं ते माहीत नव्हतं. नागुमोसानांचा हिशेब तर बिनचूक होता. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, असं करत करत हे प्रकरण आपोआप शून्यावर यायला हवं होतं. पण शेजारच्या बाईला निम्मं हा प्रकार मुळी ठाऊकच नव्हता. तिचं भांडं दर वेळी भरलेलंच यायचं. नागुमोसानांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं.

फुसाएबाई मात्र खुशीत होत्या. इतक्या वर्षांत दारात उभं राहून कुणाशी गप्पा मारायला मिळाल्या नव्हत्या. झुल्फिया मोडक्यातोडक्या जपानीत सगळं विचारायची.

"मुलं?"

"एक मुलगी. चिगुसा. निइगाताला असते. दातांच्या कवळ्या बनवते."

"लग्न?"

"नाही अजून."

झुल्फियाने छातीवर हात ठेवला. "होईल. मी रोज प्रार्थना करते."

आतल्या खोलीत हे ऐकून नागुमोसानांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याला कारण होतं. चिगुसा नववर्षाला घरी आली होती तेव्हा त्यांनी तिच्या सूपच्या वाटीशेजारी, सहज ठेवल्यासारखा, एका अविवाहित दंतवैद्याचा फोटो ठेवला होता. दात हा दोघांचाही विषय, तेव्हा बोलायला निदान काही असेल, एवढाच त्यांचा साधा विचार. चिगुसाने फोटो पाहिला, सूप तसंच ठेवलं, बॅग उचलली. त्यानंतर ती आली नव्हती. फोन करायची, पण आईला. बापाने उचलला तर 'आई आहे का?' एवढंच. बोलताना ती पूर्ण सभ्य असायची, आणि त्या सभ्यतेने नागुमोसानांना फार लागायचं.

आणि याच आठवड्यात तिचा फोन आला होता. येत्या शनिवारी येते, दोन दिवस राहते. अट एकच. "त्या घरात लग्न हा शब्द कानावर पडला, तर पुढच्या गाडीने परत. बाबांना सांग."

बाबांनी ऐकलं होतं. बाबांनी मान डोलावली होती. स्वतःच्या जिभेची हमी ते देऊ शकत होते. शेजारच्या प्रार्थनेची हमी कोण देणार? शनिवारी झुल्फिया भांडं घेऊन दारात उभी राहणार, चिगुसा दार उघडणार, आणि पहिला प्रश्न काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तेव्हा हे भांड्यांचं येणंजाणं शनिवारच्या आत बंद व्हायला हवं होतं, आणि तेही शेजारणीचं मन न दुखावता.

इथे नागुमोसानांना युक्ती सुचली. ती सुचली नसती तर फार बरं झालं असतं.

भेटीच्या खोक्याला जो कागद गुंडाळतात त्यावर लाल-पांढऱ्या दोरीची गाठ असते. नेहमीच्या भेटीला सुरगाठ, ओढली की सुटणारी. म्हणजे असे प्रसंग पुन्हा पुन्हा येवोत. आणि जे एकदाच व्हावं, पुन्हा होऊ नये, त्याला निरगाठ. नागुमोसानांना वाटलं, वा! एक शब्द न बोलता सगळं सांगता येईल. 'पुन्हा नको' हे इतक्या अदबीने सांगायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे आणि आपण उगाच झोप घालवत बसलोय. झुल्फिया समरकंदची, तिला या गाठी वाचता येणार नाहीत, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. लिफ्टमध्ये 'दारापासून दूर राहा' लिहिलं म्हणजे ते सगळ्यांना कळतं, असं मानण्यात त्यांची उमर गेली होती.

मंगळवारी ते मोठ्या दुकानाच्या तळघरात, भेटवस्तूंच्या काउंटरवर गेले आणि लाल बीनच्या मिठाईचं खोकं निवडलं.

"गाठ कुठली?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"निरगाठ. लाल-पांढरी."

बाई थबकल्या. लाल-पांढरी निरगाठ दोनच वेळा लागते. माणूस दुखण्यातून उठला की, नाहीतर घरात लग्न असलं की. त्यांनी नागुमोसानांकडे नीट बघितलं. तीन आठवडे मटणावर पोसलेला तो गुबगुबीत, तुकतुकीत चेहरा दुखण्यातून उठलेल्याचा नक्कीच नव्हता.

"अभिनंदन!" असं म्हणून त्या वाकल्या.

नागुमोसान गोंधळले. पण कुणी अभिनंदन केलं तर 'कशाबद्दल?' असं विचारणं बरं दिसत नाही. तेही वाकले.

परत येताना लिफ्टमध्ये इबुसुकीबाई भेटल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या या विधवा बाईंना आठव्या मजल्यापर्यंत जायचं काही कारण नव्हतं. पण लिफ्टमध्ये कोण काय घेऊन चाललंय हे बघायचं असेल तर लिफ्टमध्ये असावं लागतं. नागुमोसान नियमाप्रमाणे आकड्यांकडे बघत उभे राहिले. इबुसुकीबाई नियम मोडून खोक्याकडे बघत राहिल्या. वर निरगाठ, खाली लफ्फेदार अक्षरात 'नागुमो'.

"कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

"आठशे तीन."

"अग्गोबाई," असं म्हणून इबुसुकीबाई आठव्या मजल्यावर उतरल्याच नाहीत. त्याच लिफ्टने खाली गेल्या, कारण सांगायची माणसं सगळी खाली होती.

बुधवारी सकाळी त्या लाल चवळी घातलेला तांबडा भात घेऊन दारात हजर. हा भात आपल्याकडच्या पेढ्यांसारखा. आनंदाची बातमी असल्याशिवाय कुणी करत नाही. "आता आमच्यापासून काय लपवता, नागुमोसान! आठशे तीनमधला मुलगा, परदेशी आहे म्हणून संकोच वाटतो का? अहो, या वॉर्डात दहातला एक माणूस परदेशीच आहे. आज ना उद्या कुणाच्या तरी घरात हे होणारच होतं. तुमच्या झालं, एवढंच."

"काय झालं?"

"लाजतात बघा कसे!" असं फुसाएबाईंना सांगून त्या गेल्या.

खरा प्रकार उलगडला तो खाली फलकासमोर. फलकावर इमारत समितीची ताजी सूचना होती: नागुमो कुटुंबाच्या कन्येचा विवाह ठरल्याबद्दल समितीतर्फे हार्दिक अभिनंदन. वर कुणीतरी लग्नात शुभ मानतात त्या दोन सारसांचं चित्रही चिकटवलं होतं. नागुमोसानांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग भिंतीला टेकून उभे राहिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही सारसांसकट.

समितीचे अध्यक्ष तोकोरोसान पहिल्या मजल्यावर राहायचे. नियमावली त्यांनी प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवली होती.

"ती सूचना काढा," नागुमोसान म्हणाले. "लग्न वगैरे काही नाही. चूक झाली."

"मोडलं?" तोकोरोसानांचा चेहरा पडला.

"मोडायला ठरावं लागतं! ठरलंच नव्हतं."

"पण सुखदुःख निधीतून तुमच्या नावे भेट मंजूर झालीय."

"ती नामंजूर करा."

तोकोरोसानांनी नियमावली चाळली. "जन्म आहे. लग्न आहे. मृत्यू आहे. न झालेल्या लग्नाबद्दल काही नाही." ते विचारात पडले. "घटस्फोट लिहू का? त्याला कलम आहे."

"माझ्या मुलीचा घटस्फोट?"

"तेवढ्यापुरता."

"निदान ती सूचना तरी काढा हो!"

"लावलेली सूचना महिनाअखेरपर्यंत ठेवावी लागते. आधी काढायची तर सभेचा ठराव पाहिजे. आणि सभेला गणसंख्या लागते." तोकोरोसानांनी उसासा टाकला. "एवढी माणसं राहतात या इमारतीत, नागुमोसान. सायकली लावायला जागा नाही. पण सभेला बोलावलं की मी आणि माझी बायको, आणि तीही चहा करायला उठून जाते."

गुरुवारपर्यंत घरात दोन माशांची ताटं, तांदळाच्या दारूची एक बाटली आणि जोडीजोडीचे चहाचे पेले जमा झाले. प्रत्येकाचं निम्मं परत करायचं! न झालेल्या लग्नाच्या भेटीचं निम्मं किती, हा प्रश्न नागुमोसानांनी फुसाएबाईंना विचारला, तेव्हा त्यांनी उत्तर न देता उशी त्यांच्या डोक्याशी नीट ठेवली आणि पडा जरा म्हणाल्या. पडल्या पडल्या ते एकच विचार करत होते. शनिवारी चिगुसा खालच्या दारातून येणार, आणि दारासमोरच तो फलक. बापाने वर्षभर गप्प बसून शेवटी न विचारता लग्नच ठरवून टाकलं, असं तिला वाटणार. ती वर येणारसुद्धा नाही. आणि यावेळी गेली तर पुन्हा येईल याची कुणी खात्री द्यावी?

त्याच संध्याकाळी घंटा वाजली. दारात झुल्फियाचा दीर अनवर उभा होता. जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत काम करणारा चाळिशीचा धिप्पाड गडी, आज चक्क टाय लावून. त्याच्या मागे झुल्फिया, डोळे मोठे करून.

अनवर गुडघे टेकून बसला आणि चांगल्या जपानीत म्हणाला, "नागुमोसान, इमारतीत सगळे माझं अभिनंदन करताहेत. तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे. तुमची मुलगी नक्कीच गुणाची असणार. पण मला हे लग्न करता येणार नाही. माझी बायको समरकंदला आहे. दोन मुली आहेत." त्याने फोटोच पुढे केला. "कृपा करून अपमान समजू नका."

नागुमोसानांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या मुलाला कुणी मागणी घातली नव्हती त्याने त्यांच्या मुलीला नकार दिला होता, तोही टाय लावून! रागवावं म्हटलं तर हा बिचारा इतका शरमलेला. शेवटी त्यांनी सगळं सांगून टाकलं. देणं, निम्मं, सुरगाठ, निरगाठ, शनिवार, सगळं. अनवर एकेक वाक्य झुल्फियाला समजावत गेला. निरगाठीपाशी झुल्फियाने तोंडावर हात ठेवला. निम्म्यापाशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती हसायला लागली ती थांबेचना.

"ती काय म्हणते?"

"म्हणते, आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. घराची बरकत जाते. तुम्ही दर वेळी भांडं परत करून वर खोकं द्यायचे. तिला वाटलं, म्हाताऱ्याला अजून हवंय, मागायला लाजतोय." अनवरने मान खाली घातली. "ती रोज पहाटे उठून स्वयंपाक करतेय, नागुमोसान. तुमच्या घंटेची आम्हाला धडकी भरलीय. तुमची खोकी माझ्या बिछान्यावर आहेत. मी दाराशी झोपतो."

आधी फुसाएबाईंना हसू फुटलं, मग अनवरला, आणि शेवटी नागुमोसानांनाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं एकमेकांना घाबरून तीन आठवडे शिजवत आणि खरेदी करत सुटली होती! त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आता ते भांडं आमच्याकडे असू दे," फुसाएबाईंनी निकाल दिला. "परत द्यायचं नाही आणि भरायचंही नाही."

"म्हणजे देणं राहिलं ना आपल्याकडे!" नागुमोसान कळवळले.

"राहू दे थोडं. कुणाचं काही देणंच नसलं तर या इमारतीत दार कोण वाजवणार तुमचं?"

पण अर्धीच बाजू सुटली होती. फलक जागच्या जागी होता आणि इमारत आनंदात होती. तेव्हा शनिवारी सकाळी नागुमोसानांनी कोट चढवला. चिगुसाची गाडी दुपारची. तोवर घरोघर जाऊन सांगून यायचं, आणि मग स्टेशनवर जाऊन तिलाही आधीच सगळं सांगायचं, असा बेत होता. जन्मभर ज्यांच्याकडे बघायचं टाळलं त्या एकेका भारासमोर उभं राहून त्यांना कमरेत वाकावं लागलं.

पहिल्या दाराशी ते पुटपुटले, "लहानसा गैरसमज झाला. मुलीचं काही ठरलेलं नाही."

"अरेरे," त्या घरच्या बाई म्हणाल्या. "मुलाकडच्यांनी नाही म्हटलं?"

पुढच्या दारातून सल्ला मिळाला, "वय वाढलं की असंच होतं हो. फार चोखंदळ असेल." त्याच्या पुढच्या दारातल्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून 'धीर धरा' म्हटलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना एक विधुर माहीत होता, गुडघे सोडले तर तब्येतीने उत्तम. इबुसुकीबाईंनी तर ऐकूनच घेतलं नाही. लोकलज्जेपायी माणूस काय काय बोलतो, असं म्हणून त्यांनी स्वतःचे डोळे पुसले.

मजले चढत गेले तशी नागुमोसानांची मान ताठ होत गेली. गंमत बघा. हेच सगळं ते स्वतः चिगुसाला ऐकवत आले होते. वय वाढतंय, चोखंदळपणा पुरे, धीर धर. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते कुणीतरी आपल्या पोरीला नावं ठेवल्यासारखं वाटत होतं. तिला काय झालंय? ती काय दुखण्याने अंथरुणाला खिळलीय? माफी मागायला निघालेला माणूस सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत भांडायच्या बेतात आला होता.

शेवटच्या, दहाव्या मजल्यावर कायानो आजोबा राहायचे. वयाने नव्वदीला टेकलेले आणि कानाने पार गेलेले.

"आजोबा, माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं नाही!"

"हं? वाहवा! कधी आहे?"

"नाही! लग्न नाही!"

"मोडलं? च् च् च्. बिचारी पोर."

"बिचारी नाही ती!" नागुमोसानांचा बांध फुटला. अख्ख्या मजल्यावर आवाज घुमला. "मोडलं नाही, ठरलंच नव्हतं! तिला करायचंच नाही! निइगाताला स्वतःच्या पायावर उभी आहे! तिने केलेली कवळी घालून माणसं सुकं माकूळ चावून खातात! काही कमी नाही तिला! आणि तिच्या बापाला हे पटलंय!"

आजोबांनी कानामागे हात धरला. "बापाला पटत नाही?"

"पटलंय!"

"हं?"

"बापाला पटलंय! पूर्ण पटलंय!"

मजल्यावरची दोन-तीन दारं किलकिली झाली. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा."

नागुमोसान गर्रकन वळले. लिफ्टच्या दारात चिगुसा उभी होती. एका खांद्याला बॅग, हातात इबुसुकीबाईंनी कोंबलेला तांबड्या भाताचा डबा. लवकरची गाडी पकडून ती आली होती, खाली फलक वाचला होता, आणि बापाला जाब विचारायला आठव्या मजल्यावर गेल्यावर आईने वर पाठवलं होतं.

नागुमोसानांना वाटलं, संपलं. अट एका शब्दाची होती, आणि तो शब्द आपण सकाळपासून दहा मजले ओरडत आलोय. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी दिसत होती पोर.

चिगुसा पुढे आली. बापाच्या शेजारी उभी राहून कायानो आजोबांच्या कानाशी वाकली. "आजोबा, मी चिगुसा. यांची मुलगी. ते म्हणताहेत, त्यांना पटलंय."

"मग त्यात एवढं ओरडायचं काय?" आजोबा म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

चिगुसा ओठ दाबून हसत होती. डोळे मात्र ओले झाले होते, आणि ते लपवायला तिने भाताचा डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"अजून किती घरं राहिलीत?"

"हा मजला झाला की झालं."

"चला, मी येते."

पुढच्या दाराची घंटा तिनेच वाजवली. "मी नागुमोंची मुलगी. लग्न ठरलेलं नाही. अभिनंदनाबद्दल आभारी आहोत," असं ती म्हणाली, आणि नागुमोसान शेजारी उभे राहून वाकले. त्या घरच्या माणसाने 'अरेरे' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण दोघांचे चेहरे बघून ते तसंच मिटलं. त्याच्या पुढच्या घरी तर बाप-लेकीने एका सुरात सांगितलं. नागुमोसानांना इतकं हलकं वाटत होतं की आज आपला भार तपासला तर काटा हलायचा नाही, अशी त्यांना शंका आली.

खाली जाताना त्यांनी जिना धरला. पाचसहा पायऱ्या उतरल्यावर चिगुसा पुढे बघतच म्हणाली, "मी सोमवारची रजा काढते. मंगळवारी गेले तर चालेल ना?"

"चालेल!" नागुमोसान ओरडले. घसा अजून दहाव्या मजल्याच्याच पट्टीत होता.